अर्भकाचा श्वास मोजणे

आपल्याकडे ज्यास 'डबा' किंवा 'पोट उडणे' म्हणतात, तो बहुधा अर्भकाचा न्यूमोनियाच असतो. फुप्फुसातील वायुकोश पू व द्रवाने भरतात, रक्तास प्राणवायू अपुरा पडतो आणि ती उणीव भरून काढण्यासाठी बालक घाईने श्वास घेऊ लागते. खोकल्यासोबत वाढलेली श्वासाची ही गती ओळखण्यास घड्याळापलीकडे काही लागत नाही.

बालक रडत वा दूध पीत नसताना कपडा वर सारून पोटाची हालचाल पूर्ण एक मिनिट मोजावी. पाव मिनिट मोजून चौपट करू नये (हा मोह आम्हां शिक्षकांस विशेष!), अर्भकाचा श्वास अनियमित असतो. दोन महिन्यांखालील बालकास ६०, एक वर्षाखालील बालकास ५० आणि पाच वर्षांखालील बालकास ४० वा अधिक श्वास म्हणजे धोक्याची सूचना होय. छातीचा खालचा भाग आत ओढला जाणे, अंगावर न पिणे, झटके वा गुंगी दिसताच रुग्णालय गाठावे. दोन महिन्यांखालील बालकास तर केवळ गती वाढली तरी न्यावे.

गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९८८ पासून गावातील कार्यकर्ते व निरक्षर दायांस ही परीक्षा शिकविली. दायांसाठी मण्यांचे साधन व एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ केले : दर दहा श्वासांस एक मणी सरकवावयाचा, वाळू संपण्यापूर्वी लाल मणी सरकला तर औषध द्यावयाचे. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, उपचार केलेल्या ६१२ रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण शेकडा ०.८ होते; तुलनेच्या गावांत ते १३.५ होते.

आता सौम्य रोगावर डॉक्टर सहसा ॲमॉक्सिसिलिन देतात. तीव्र रोगास इंजेक्शने व प्राणवायू लागतो. दोन दिवसांत श्वास मंदावला नाही तर पुन्हा दाखवावे. मंदावला तरी औषध अर्ध्यावर सोडू नये. खोकला मागे रेंगाळतो, त्याने घाबरू नये. स्तनपान मात्र वाढवावे. पोटावर डागण्या देणे हा निव्वळ छळ आहे.

सदाशिव पेठेत दवाखाना चार पावलांवर असतो, तरी 'सर्दीच आहे' म्हणून तेथेही दिवस दवडले जातात. घरी धाकटे भावंड सांभाळणाऱ्या पाचवीच्या मुलामुलींस शंभरापर्यंत मोजता येते. गणिताच्या एका तासास त्यांच्याकडून एकमेकांचे श्वास मिनिटभर मोजवून घ्यावेत.