वजनकाटा आणि संगणक यांच्यामधला दुवा

साखर कारखान्याच्या फाटकाशी उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागलेली असावी, वजनकाट्याच्या दर्शकावर आकडे स्वच्छ उमटत असावेत आणि शेजारच्या औद्योगिक संगणकाच्या पडद्यावर मात्र त्यांचा मागमूस नसावा, असा प्रसंग आला म्हणजे दोषाचे खापर सर्वप्रथम संगणकाच्या माथी फुटते. परंतु शांत चित्ताने तपास करणाऱ्यास पुष्कळदा असे आढळते की, दोन्ही यंत्रे धडधाकट असून बिघाड त्यांना जोडणाऱ्या सीरियल पोर्टाच्या दुव्यात आहे.

या दुव्याची रीत जुनी आहे. अमेरिकेत १९६० साली प्रथम ठरलेल्या आरएस-२३२ या मानकानुसार एका तारेवरून एकामागून एक बिट धाडले जातात. ऋण दाब म्हणजे १ आणि धन दाब म्हणजे ०, असा संकेत आहे. प्रत्येक बिटाचा क्षण दाखविणारी तार निराळी नसल्यामुळे वेगाचा करार दोन्ही पक्षांनी आधीच करावा लागतो. ९६०० बॉड वेगाला एका बिटाच्या वाट्यास सुमारे १०४ मायक्रोसेकंद येतात.

पडदा अगदी कोरा असेल, तर तपासाचा आरंभ तारेपासून करावा. संगणकाच्या नऊ पिनांच्या पोर्टात साधारणतः ३ क्रमांकाची पिन पाठविते, २ क्रमांकाची स्वीकारते आणि ५ क्रमांकाची ग्राउंड असते. केबल काढून मल्टिमीटरने ३ आणि ५ यांमधील दाब मोजला असता, पोर्ट स्वस्थ असताना तो ऋण, बहुधा ५ ते १२ व्होल्टच्या दरम्यान, दिसला पाहिजे. मग काट्याकडून आलेल्या केबलचे मोकळे टोक तपासावे; तेथे ऋण दाब २ वर असेल तर जोडणी योग्य, आणि ३ वर असेल तर दोन तारांची अदलाबदल हवी. त्यानंतर पोर्टाच्या २ व ३ या पिना एकत्र जोडून काही अक्षरे धाडावीत. ती जशीच्या तशी परतली, तर संगणकाचा पोर्ट शाबूत आहे. वेगाचा दाखला मात्र या परीक्षेने मिळत नाही, कारण चुकीच्या वेगाने बोलणारा पोर्ट त्याच वेगाने ऐकतही असतो. लिनक्सवर चालणाऱ्या लहान संगणकांत पहिला पोर्ट प्रशासनाच्या लॉगिनसाठी राखलेला असण्याचाही संभव असतो. मग काट्याची अक्षरे दुसराच प्रोग्राम परस्पर गिळतो.

अक्षरे येतात पण विपरीत येतात, तेव्हा विपर्यासाचे स्वरूपच साक्षीदार ठरते. सारेच अगम्य असेल तर वेगाचा संशय घ्यावा. परंतु ०, ३, ५, ६, ९ हे अंक शुद्ध आणि १, २, ४, ७, ८ यांच्या जागी विचित्र चिन्हे, असे दिसले तर निदान जवळजवळ पक्के झाले: काटा सात बिट व सम पॅरिटी पाठवीत आहे आणि संगणक आठ बिट, विनापॅरिटी वाचीत आहे. दोन्ही पद्धतींत प्रत्येक अक्षरास १०च बिट लागत असल्याने संगणकाला त्यात काही वावगे वाटत नाही. ज्या अंकांच्या संकेतात १ची संख्या विषम असते, त्यांना जोडलेला पॅरिटी बिट तेवढा तो अक्षराचाच भाग समजतो.

तिसरा प्रकार अधिक चिवट, कारण त्यात संवाद मधूनच तुटतो. लांबलचक केबल, मोटारींच्या शेजारून नेलेली तार, दोन इमारतींच्या ग्राउंडमधील दाबाचा फरक, ही त्याची नेहमीची कारणे होत. दूर अंतरासाठी १९८३ साली आरएस-४८५ हे मानक आले. त्यात पिळलेल्या दोन तारांमधील दाबाचा फरक वाचला जातो आणि मंद वेगाला सुमारे १२०० मीटरपर्यंत काम चालते. मात्र १२० ओहमचे रोध केवळ दोन टोकांनाच लावावेत, आणि संगणकाच्या बोर्डावर या दोन मानकांतून निवड करणारा जंपर असल्यास तो योग्य जागी आहे की नाही, हे अवश्य पाहावे.

या साऱ्या तपासाचा नियम एकच: एका वेळी एकच बदल करावा, त्याचा परिणाम पाहावा आणि तो टिपून ठेवावा. घाईने वेग, केबल आणि जंपर एकदम बदलणाऱ्यास यश आले तरी कारण उमगत नाही, आणि न उमगलेले कारण हंगामात पुन्हा उभे राहते. म्हणून वेग, बिट, पॅरिटी, जंपरची जागा आणि तारांची जोडणी यांची नोंद काट्याच्या दप्तरात कायम असावी. काट्यावरच्या आकड्यांत शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कष्टांचे मोल असल्यामुळे ही नोंद ठेवणे हे कारखान्याचे कर्तव्यच आहे.