समोरचा गडी माणूस आहे का?

दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. घरी राहतात ते आजी-आजोबा, शाळेत जाणारी नातवंडे आणि एक मोबाइल. पुष्कळदा त्याच मोबाइलला बँकेचे खाते जोडलेले असते. त्यात निवृत्तिवेतन येते, मुलाने उचलीतून पाठवलेली रक्कमही येते. म्हणून मोबाइलवरील खेळांतील फसवणूक हा केवळ तरुणांचा विषय नाही, वाचकहो; तो आपल्याही प्रकृतीचा आणि मिळकतीचा आहे.

अदृश्य गडी

पारावर पत्ते खेळताना समोरच्याचा चेहरा दिसत असे. लबाडी केली तर चार माणसे साक्षीला असत. मोबाइलवर केवळ नाव दिसते. त्या नावामागे 'बॉट', म्हणजे माणसासारखी खेळणारी संगणकीय आज्ञावली, असू शकते. कार्नेगी मेलन विद्यापीठ आणि फेसबुक यांच्या संशोधकांच्या 'प्लुरिबस' या आज्ञावलीने 2019 मध्ये सहा जणांच्या पोकर खेळात नामांकित व्यावसायिक खेळाडूंना हरवले. पैसे न लावता खेळताना असा गडी सोबतीला असला तर बिघडत नाही. पैसे लावले की मात्र तोच आपला खिसा रिकामा करू शकतो.

नागपुरात 2023 मध्ये उघडकीस आलेले प्रकरण बोलके आहे. ऑनलाइन जुगारात सुमारे 58 कोटी रुपये गमावल्याची तक्रार एका व्यापाऱ्याने केली. आरंभी त्याला जिंकल्याचा अनुभव आला आणि पुढे तो हरतच गेला. पोलिसांनी गोंदियातील संशयित बुकीच्या घरातून कोट्यवधींची रोकड व सोने जप्त केले.

मेंदू का गुंततो?

बक्षीस कधी मिळेल हे ठाऊक नसले की मेंदू अधिक आतुर होतो. थोडक्यात हुकलेला डावही जिंकल्यासारखी हुरहूर लावतो. मग झोप उडते, रक्तदाब व साखर यांची घडी विस्कटते आणि गेलेले परत मिळवण्याची घाई सुटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात जुगाराचा आणि गेमिंगचा विकार या दोहोंची नोंद आहे.

ज्येष्ठांच्या बाबतीत एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. कंपवातावरील प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारख्या औषधांनी काही रुग्णांत जुगाराची अनावर ओढ निर्माण होते. आयुष्यभर काटकसरीने राहिलेली व्यक्ती अचानक पैसे लावू लागली, तर तिला दोष देण्याआधी तिची औषधे डॉक्टरांना दाखवावीत. औषध मात्र स्वतःहून बंद करू नये. ते एकाएकी थांबवणे अपायकारक असते. काही प्रकारच्या स्मृतिभ्रंशातही सारासार विचार प्रथम ढळतो.

नातवंडांसाठी

नेमबाजीच्या खेळांत काही जण भिंतीपलीकडचे दाखवणारी किंवा नेम आपोआप साधणारी 'हॅक' वापरतात. नातू अशांकडून हरून चिडला, तर "खेळच तर आहे" असे म्हणून त्याचा राग मोडीत काढू नका. त्या खेळाडूची तक्रार खेळातील 'रिपोर्ट' बटणावरून कशी करायची, हे त्यालाच दाखवायला सांगा. फुकट हॅकच्या फाइली मात्र उतरवू देऊ नका. त्यांतून खात्याची चोरी होऊ शकते.

काय करावे?

- प्रतिस्पर्धी मध्यरात्रीही क्षणात मिळतो, प्रत्येक चाल ठरावीक वेळातच येते, बोलण्याला उत्तर येत नाही, अशा वेळी बॉटची शंका घ्यावी. चांगला बॉट मात्र ओळखूच येत नाही; म्हणून पैसे न लावणे हाच खरा उपाय.
- बचतीचे खाते खेळाच्या मोबाइलला जोडू नये. ओटीपी व पिन कोणालाही सांगू नये.
- पैसे गेले असतील तर तत्काळ 1930 वर कळवावे. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी.
- मन खचले असेल तर 'टेली मानस'च्या 14416 या क्रमांकावर बोलावे. ही सेवा मोफत आहे.

संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये संमत केलेल्या कायद्यानुसार पैशांचे ऑनलाइन खेळ चालवणे आणि त्यांची जाहिरात करणे गुन्हा आहे. खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही. कर्ज लपवून बसलेल्या मुलाला हे आवर्जून सांगा. रकमेचा हिशेब नंतर होईल. पहिल्या रात्री त्याला एकटे सोडू नका, आणि जीव नकोसा झाल्याचे तो बोलला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे घेऊन जा.