पुरलं कुठे आणि नोंदलं कुठे

वेळापूरच्या अर्धनारी नटेश्वराच्या देवळात आलेला पाहुणा वीरगळांपुढे थबकतो आणि हमखास विचारतो, ‘ही समाधी कोणाची?’ कोणाचीच नाही. वीरगळ हा लढाईत पडलेल्याच्या आठवणीचा दगड. खालच्या चौकटीत झुंज, मधल्या चौकटीत वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर आणि माथ्याला चंद्र-सूर्य. नाव बहुधा कोरलेलं नसतं, आणि दगडाखाली देह असतो असंही नाही. आपले पणजोबा कधी गेले, कुठे पुरले हे शोधणाऱ्याने इथून सुरुवात करू नये.

‘हिंदू म्हटलं की दहन, पुरलेली माणसं फक्त कब्रस्तानात’ हेही सोलापूर जिल्ह्यात तरी कोणी म्हणू नये. लिंगायतांत मृताला बसवून पुरतात, गोसावी आणि नाथपंथीयांत समाधी देतात, आणि लहान मूल गेलं तर एरवी दहन करणारी घरंही पुरतात. कितीतरी थडगी घरच्या रानात, बांधालगत असतात. त्यांची माहिती कागदावर क्वचित, म्हाताऱ्यांच्या तोंडी जास्त.

सगळ्यात जास्त हेलपाटे घालायला लावणारा समज तिसरा: ‘माणूस वेळापूरचा, म्हणजे नोंद वेळापूरच्या ग्रामपंचायतीत.’ जन्म-मृत्यू नोंदणीचा 1969 चा कायदा गाव विचारत नाही, मृत्यू कुठे झाला ते विचारतो. अकलूजच्या दवाखान्यात प्राण गेला तर नोंद अकलूजला, मग माती वेळापुरात का होईना. उलट माउलींच्या पालखीबरोबर चालताना वेळापूरच्या मुक्कामी एखादा परगावचा वारकरी गेला, तर त्याची नोंद वेळापुरात. चालत्या गाडीत मृत्यू झाला तर गाडी पहिल्यांदा जिथे थांबेल तिथे खबर द्यायची. म्हणून आधी विचारायचं ते एवढंच: शेवटचा श्वास कुठे घेतला? कुठे पुरलं, हे मृत्यूच्या दाखल्यावर शोधू नये. मृत्यूचं कारणही त्यावर मिळत नाही. ते उताऱ्यात उघड करायला कायद्यानेच मनाई आहे.

‘कायद्याआधीचं काही मिळत नाही’ म्हणणारे तहसीलच्या अभिलेख कक्षात गेलेले नसतात. गाव नमुना 14, म्हणजे जुनं जन्म-मृत्यू रजिस्टर, लोकांच्या तोंडी ‘कोतवाल बुक’, 2023 मध्ये कुणबी नोंदींच्या शोधामुळे घरोघर माहीत झालं. पानं अनेकदा मोडीत असतात, त्यामुळे वाचणारा सोबत न्यावा. कसून शोधूनही काही नाही निघालं, तर निबंधकाकडून अनुपलब्धता दाखला मागून घ्यावा. उशिराच्या नोंदीसाठी अर्ज करताना तो लागतोच.

आणि ज्याच्याकडे कोणी बघत नाही तो कागद म्हणजे तलाठ्याकडचा जुना फेरफार. सातबारावरच्या खातेदाराचा मृत्यू झाला की वारस लावताना ‘अमुक तारखेस मयत, वारस पुढीलप्रमाणे’ असं लिहिलं जातं. तारीख आणि पोरांची नावं एकाच ओळीत! अर्थात ज्याच्या नावावर गुंठाभरही जमीन नव्हती, त्याला ही वाट बंद. मग नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या क्षेत्रोपाध्यांच्या वह्या बघाव्यात. त्यांत मृत्यूची तारीख मिळेलच असं नाही, पण कोणाचा बाप कोण ते सापडतं, आणि मग नमुना 14 मध्ये कोणतं नाव शोधायचं ते कळतं.