मातीच्या आंकड्यांस फेरफाराची वही हवी

कशेडीच्या घाटाखालीं भातखाचरांची माती तांबूस व आम्ल आहे. पावसाच्या जोरानें तिच्यांतील चुना धुपून जातो, आणि खतांतून घातलेलें स्फुरद लोह व ॲल्युमिनियम यांनीं बांधलें जाऊन पिकास थोडेंच लाभतें. अशा मुलुखांत मातीपरीक्षणाच्या कागदावरील एका आंकड्यावर शेतकऱ्याचा खताचा खर्च व कणगींतलें भात, दोन्ही अवलंबून असतात. म्हणून हा आंकडा कोणत्या नियमांनीं ठरावा व ते नियम कोणीं करावे, याचा विचार वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

गेल्या पावसाळ्याच्या आधीं शेजारचे एक वृद्ध शेतकरी आमच्याकडे दोन कागद घेऊन आले. दोन्ही एकाच खाचराचे, परंतु दोन निराळ्या प्रयोगशाळांचे. जुन्या कागदावर स्फुरद हेक्टरीं 9 किलो, नव्यावर 20.6 किलो. "माती सुधारली. औंदा स्फुरदाचें खत नाहीं घातलें तर चालेल ना?" असा त्यांचा प्रश्न. आम्हीं बारीक अक्षरें वाचून पाहिलीं, तेव्हां उलगडा झाला. पहिल्या कागदावर केवळ स्फुरदाचें वजन होतें. दुसऱ्यावर स्फुरदाच्या ऑक्साइडचें, म्हणजे खताच्या गोणीवर जें छापतात त्याचें. पहिल्यास 2.29 नें गुणलें कीं दुसरें येतें. माती होती तशीच होती. त्या आंकड्यावर विसंबून खत बंद केलें असतें, तर त्याचा दंड भाताच्या पिकास भरावा लागला असता.

परिमाणाचा घोळ गुणाकारानें सुटतो, पण रीतीचा घोळ तसा सुटत नाहीं. स्फुरद मोजण्यापूर्वीं तें मातींतून द्रवांत उतरवावें लागतें. आम्ल मातीसाठीं ब्रे व कुर्ट्झ यांची 1945 सालची रीत आहे. तींत अमोनियम फ्लोराइड व सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल वापरतात. चुनखडीच्या मातीसाठीं ओल्सेन व सहकाऱ्यांची 1954 सालची सोडियम बायकार्बोनेटची रीत आहे. एकाच मातीस दोन्ही रीती लावल्यास आंकडे निराळे येतात, व ठराविक संख्येनें गुणून एकावरून दुसरा काढतां येत नाहीं. सेंद्रिय कर्बाचेंही असेंच आहे. वॉकली व ब्लॅक यांच्या 1934 सालच्या रीतींत सरासरीनें सुमारें 77 टक्केच कर्ब हिशेबांत येतो. म्हणून उत्तरास 1.3 नें गुणतात. एकीनें गुणलें व दुसरीनें न गुणलें, तर त्या आंकड्यांची तुलना व्यर्थ होय.

नमुन्याचीही गोष्ट लक्षांत ठेवावी. मृदा आरोग्य पत्रिकेची योजना 19 फेब्रुवारी 2015 रोजीं राजस्थानांतील सुरतगड येथें सुरू झाली. तींत नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, सामू इत्यादि 12 बाबी तपासतात. आरंभींच्या फेऱ्यांत बागायतींत अडीच हेक्टरांस व जिरायतींत 10 हेक्टरांस एक नमुना असा नियम होता. आमच्या डोंगरउतारावर 10 हेक्टरांत वरकस, माळ व खाचर सर्वच येतात. तेव्हां तो आंकडा कोणत्या जमिनीचा, हें त्याच्याजवळ लिहिलेलें असणें अवश्य आहे.

हा घोळ जगभर आहे. तो निवारण्यासाठीं संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या आश्रयाखालीं 2017 सालीं माती-प्रयोगशाळांचें जागतिक जाळें स्थापन झालें. त्यास ग्लोसोलान म्हणतात. तेथें निरनिराळ्या देशांचे जाणकार मिळून एकेका परीक्षेची सामायिक रीत लिहितात, व एकच माती अनेक प्रयोगशाळांस धाडून कोणाचें उत्तर किती ढळतें तें पाहतात. असें मंडळ जिल्ह्यापुरतेंही होऊं शकेल. परंतु रीत लिहिणें सोपें. ती बदलण्याचा अधिकार कोणाचा, हें ठरविणें अवघड. या बाबतींत आमच्या जुन्या खात्याकडून घेण्यासारखें पुष्कळ आहे.

सातबाऱ्यावरील नांव कोणी खोडून बदलीत नाहीं. फेरफाराची नोंद होते, हितसंबंधीयांस नोटीस निघते, 1966 च्या महसूल संहितेप्रमाणें हरकतीस 15 दिवस मिळतात, व नोंद प्रमाणित झाल्यावर जुन्या नांवास कंस पडतो. तें नांव कंसांतही वाचतां येतें. आमच्या मतें मातीच्या आंकड्यांच्या मंडळानेंही पुढील नियम करावे.

पहिला: प्रत्येक परीक्षेस एक नांव, एक रीत व एक परिमाण असावें, व तीं आंकड्याशेजारीं छापावीं. दुसरा: प्रत्येक प्रयोगशाळेस, लहान असो वा मोठी, एकच मत असावें, व शेतकऱ्यांचे प्रतिनिधी मताधिकारानिशीं बसावे. तिसरा: खतविक्रेत्यानें सूचना करावी, पण ज्यांत त्याचा नफा आहे त्यावर मत देऊं नये. चौथा: रीत बदलावयाची तर आधीं नोटीस, मग हरकती, मग सकारण निर्णय, जुनी रीत कोणत्या तारखेपर्यंत चालली तें वहींत कायम राहावें. पांचवा: वर्षांतून एकदां एकच माती गुप्त क्रमांकानें सर्वांस द्यावी, ज्याचें उत्तर चुकेल त्यास आधीं मदत करावी. सहावा: आंकडा शेतकऱ्याचा आहे, त्याच्या संमतीवांचून तो नांवानिशीं कोणास देऊं नये.

यांत चौथा नियम आम्हांस मुख्य वाटतो. आजची उत्तम रीत उद्यां मागें पडेल, आणि ती पडावीही. परंतु बदल केव्हां झाला हें न लिहिल्यास दहा वर्षांचे कागद एका क्षणांत रद्दी होतात, व माती सुधारली कीं बिघडली हें कोणासच सांगतां येत नाहीं.

मंडळ निघेल तेव्हां निघो. तोंवर प्रत्येक सभासदानें एक वही घालावी. तींत नमुन्याची तारीख, खाचर, खोली, प्रयोगशाळा, रीत व परिमाण लिहावें. कागद हातीं येतांच "हें कोणत्या रीतीनें काढलें, व हें स्फुरद कीं त्याचें ऑक्साइड?" हे दोन प्रश्न विचारावे. आमच्या शेजाऱ्यांनीं त्या वर्षीं खत घातलें, व अशी वहीही घातली आहे.