देहाची फिर्याद

होळीच्या दिवशी बुलढाणा जिल्ह्यातील पिंपळगाव सराईजवळ, सैलानी बाबांच्या दर्ग्याच्या परिसरात नारळांची होळी पेटते. दूरदूरहून आलेली माणसे आपल्या किंवा आप्तांच्या अंगावरून उतरविलेले नारळ तीत टाकतात. चिखली, बुलढाणा, खामगाव येथील पेठांना ही यात्रा पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. तेथे येणाऱ्यांत मनोविकाराने ग्रासलेल्यांची आणि त्यांना घेऊन आलेल्या हतबल कुटुंबांची संख्या मोठी असते.

दर्ग्यावर ज्याला ‘हाजरी’ म्हणतात, ती एकदा पाहिलेला माणूस विसरत नाही. केस मोकळे सुटलेली स्त्री घुमू लागते, जमिनीवर लोळते, किंचाळते, कुणालातरी नाव घेऊन जाब विचारते. घरी सासऱ्यांसमोर जिचा आवाज कधी चढला नाही, तीच ही स्त्री असते. पाहणारे दोन गटांत विभागतात. एकाच्या मते ती बाहेरची बाधा, दुसऱ्याच्या मते निव्वळ अंधश्रद्धा. तिच्या देहाला काय सांगायचे आहे, हा प्रश्न दोन्ही गटांकडून सहसा राहून जातो.

हा प्रश्न महाराष्ट्रात चिकाटीने विचारणाऱ्यांत पुण्याच्या डॉ. भार्गवी दावर यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. मे २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या आईची वृत्ती गूढ, आध्यात्मिक; तिला वेडी ठरवून मनोरुग्णालयांत ठेवण्यात आले आणि लहानग्या भार्गवीने ती दालने आतून पाहिली. पुढे मुंबईच्या आयआयटीत त्यांनी मानसशास्त्र व मनोविकारशास्त्र यांच्या तात्त्विक पायाचा अभ्यास करून डॉक्टरेट मिळविली. १९९९ मध्ये त्यांनी पुण्यात ‘बापू ट्रस्ट’ची स्थापना केली. बापू हे त्यांच्या आईचे नाव.

२००९ मध्ये त्यांनी मधुरा लोहोकरे यांच्यासमवेत महाराष्ट्रातील दर्ग्यांवर ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त लेख लिहिला. आघात सोसलेली माणसे दर्ग्यात का जातात आणि त्यांना तेथे काय मिळते, याचा त्यात सहानुभूतीने शोध आहे. या भूमिकेमागे एक दुखरा संदर्भ होता. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याजवळच्या एका खासगी निवासाला आग लागली. साखळ्यांनी बांधलेल्या मनोरुग्णांना पळता आले नाही आणि २८ जणांचा बळी गेला. देशभर संताप उसळला, तो मुख्यतः श्रद्धास्थानांवर. दावर यांचे म्हणणे असे, की साखळी दर्ग्यात असो वा कुलूप रुग्णालयात, माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध डांबणे हे दोन्हीकडे सारखेच आहे.

देहाच्या मार्गाने मनाच्या जखमेकडे जाणाऱ्या उपचारपद्धती पाश्चात्त्य देशांत गेल्या काही दशकांत बऱ्याच रुजल्या. अमेरिकेतील पीटर लेव्हिन यांचे या विषयावरील पुस्तक १९९७ मध्ये आले, तर बेसेल व्हॅन डर कोल्क यांचे २०१४ मधील पुस्तक जगभर वाचले गेले. भीतीच्या प्रसंगी पळणे किंवा प्रतिकार करणे शक्य झाले नाही, तर ती अपुरी राहिलेली हालचाल आखडलेल्या खांद्यांत, अडलेल्या श्वासात, बिघडलेल्या पचनात आणि हरवलेल्या झोपेत टिकून राहते, असे हे मत थोडक्यात सांगता येईल. श्वास, ताल व हालचाल यांच्या साहाय्याने ती हळूहळू मोकळी करायची. रेस्मा मेनाकेम या कृष्णवर्णीय उपचारकाने २०१७ मध्ये त्यात आणखी एक पदर जोडला. वंशभेदासारखा सामाजिक जाचही देहात साठतो आणि तो पिढ्यांमधून पुढे जातो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. या पद्धतींना अद्याप औषधांइतका भक्कम संशोधनाचा आधार नाही, हेही नमूद केले पाहिजे. मात्र सामायिकाला बसणाऱ्यास देह स्थिरावल्याविना चित्त स्थिरावत नाही, हे वेगळे सांगावे लागत नाही.

दावर यांनी स्वतः कलाधारित उपचारपद्धतीचे शिक्षण घेतले होते. बापू ट्रस्टचा ‘सेहेर’ हा उपक्रम पुण्याच्या गरीब वस्त्यांत चालत आला आहे. तेथे कार्यकर्ते वस्तीत फिरतात, कोपऱ्यावर बसून बोलतात, घरी जातात. ताल, स्वर, चित्र, श्वास आणि हालचाल यांच्या आधारे गटात काम होते. माणूस पोटभर जेवतो का, हाही त्यांच्या दृष्टीने उपचाराचाच प्रश्न. शेजारी, नातलग, दुकानदार यांना सांभाळाच्या वर्तुळात आणले जाते. ज्याला औषध हवे असेल त्याला डॉक्टरांकडे पोहोचविले जाते. सक्ती मात्र केली जात नाही. जात, धर्म, लिंग, दारिद्र्य यांचा भार व्यक्तीच्या दुःखातून वगळता येत नाही, असे मानूनच काम सुरू होते. नवऱ्याच्या मारामुळे झोप उडालेल्या स्त्रीला केवळ झोपेची गोळी देऊन त्याच घरात परत पाठविणे, हा अर्धाच हिशेब झाला.

या विचाराशी सर्व मानसोपचारतज्ज्ञ सहमत नाहीत, आणि त्यांच्या आक्षेपात तथ्य आहे. चार रात्री न झोपलेला, घरातून पळू पाहणारा तरुण मुलगा ज्या घरात आहे, तेथे ताल आणि श्वास पुरेसे ठरतीलच असे नाही. वेळेवर मिळालेल्या औषधाने कित्येकांचे संसार सावरले आहेत. दावर यांचा सक्तीला असलेला संपूर्ण विरोध प्रत्येक प्रसंगी आचरणात आणणे कुटुंबाला अवघड जाईल. परंतु दाखल करण्यापूर्वी त्या मुलाशी कुणी शांतपणे बोलले का, हा त्यांचा प्रश्न तज्ज्ञांनाही टाळता येत नाही.

बुलढाणा जिल्ह्यापुरते पाहिले तर या विषयाची आणखी एक बाजू आहे, आणि ती व्यापारी कुटुंबांच्या अधिक जवळची. शेतकरी आत्महत्यांमुळे २००६ मध्ये पंतप्रधानांनी विशेष सहाय्य जाहीर केलेल्या विदर्भातील सहा जिल्ह्यांत बुलढाणा होता. पुढे राज्य शासनाने शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी सुरू केलेल्या ‘प्रेरणा प्रकल्पा’तही त्याचा समावेश झाला. छातीत धडधडते, अन्न गोड लागत नाही, डोके जड होते, अशी तक्रार घेऊन दवाखान्यात आलेल्या शेतकऱ्याच्या देहात कित्येकदा कर्जच बोलत असते. त्या कर्जाची एखादी नोंद कुठल्यातरी पेढीच्या खातेवहीतही असते. अडतीच्या दुकानात समोर बसलेल्या, अकारण गप्प झालेल्या माणसाकडे उधारीच्या आकड्यापलीकडे पाहणे, हे त्या शेतकऱ्याला सर्वप्रथम भेटणाऱ्यालाच शक्य असते. तो बहुधा व्यापारी असतो, डॉक्टर नव्हे.

व्यापारी घरांतील दुःख मात्र फार क्वचित बाहेर येते. पेढीची पत आणि मुलामुलींचे विवाह या दोन भयांपोटी आजार वर्षानुवर्षे माडीवरच्या खोलीत दडविला जातो. सुनेचे सततचे डोके दुखणे, धंद्यात बुडालेल्या भावाचे अबोलपण, दुकानात बसण्याची इच्छा नसलेल्या मुलाचा पोटशूळ यांवर साऱ्या तपासण्या होतात, अहवाल निर्दोष येतात आणि ‘काही नाही, मनाचे खेळ’ असे म्हणून प्रकरण मिटविले जाते. देहाने केलेली फिर्याद अशा रीतीने सुनावणीविनाच निकालात निघते. ती फिर्याद घरातील कोणत्या व्यवस्थेविरुद्ध होती, हे विचारण्यास घरातील कर्ता पुरुष अनेकदा नाखूष असतो. कारण उत्तर त्याच्यापर्यंत येऊन पोहोचण्याची शक्यता असते.

२०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून अमलात आला. मनोरुग्णास कोणत्याही स्वरूपात साखळीने बांधण्यास त्याच्या कलम ९५ ने मनाई केली आहे. सक्तीने मुंडन करण्यासही हा कायदा मज्जाव करतो. शारीरिक आजारांना ज्या आधारावर वैद्यकीय विमा मिळतो, त्याच आधारावर तो मानसिक आजारांनाही देणे विमा कंपन्यांवर बंधनकारक आहे. पॉलिसीचे नूतनीकरण करताना हे कलम किती कुटुंबे पाहतात, ही शंकाच आहे. केंद्र शासनाची १४४१६ या क्रमांकाची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून उपलब्ध आहे. नाव न सांगता बोलण्यास संकोचणाऱ्यांसाठी ती एक सोय आहे.

याच कायद्यात आणखी एक तरतूद आहे. मनःस्थिती बिघडल्यास कोणता उपचार हवा व कोणता नको, हे प्रौढ व्यक्ती शुद्धीत असताना लिहून ठेवू शकते. त्या काळात आपल्या वतीने कुणी बोलावे, त्याचेही नामनिर्देशन करता येते. ते साध्या कागदावर, सही किंवा अंगठ्यानिशी चालते. मुदतठेवीच्या पावतीवर वारसाचे नाव न चुकता लिहिणाऱ्या घरांत हा दुसरा कागद सहसा आढळत नाही; आणि घरातील सुनेला तो लिहायला सांगितला, तर ती कुणाचे नाव लिहील, याचा अंदाज घरातील पुरुषांपैकी फार थोड्यांना असेल.