गांजा मोकळा झाला तर?

वर्षावासाच्या दिवसांत आमच्या तेरखेड्याच्या विहारात रात्री ग्रंथवाचन असते. वाचन संपले, बायाबापड्या घरी गेल्या, की चार तरुण पोरे, दोन-तीन म्हातारी माणसे आणि आम्ही असे पायऱ्यांवर थोडा वेळ बसतो. त्या रात्री बी.ए.ला असलेल्या एका पोराने मोबाइल पुढे धरला. म्हणाला, "काका, कॅनडात गांजा दुकानात मिळतो. जर्मनीत बी दुकानं निघाली. आपल्याकडंच काय अडलंय? झाडच तर हाय." शेजारी एक म्हातारे बसले होते. जन्मभर फटाक्याच्या कारखान्यात दारू भरलेला माणूस. ते म्हणाले, "आरं लेकरा, आपल्या गावात आधीच दोन दारवा हायेत. एक पोटात जाती, एक सुतळीत जाती. आता तिसरं कशाला?"

पोरे हसली. आम्हांला मात्र हसू आले नाही. त्याचे कारण पुढे सांगतो. आम्ही पडलो कारकून. कागद पाहिल्याशिवाय बोलायची सवय नाही. तेव्हा पुढचे दोन-तीन रविवार याच कामात घालवले. जे हाती लागले ते वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवीत आहोत.

गांजावरची बंदी अनादि काळापासूनची आहे, असे पोरांना वाटते. तसे नाही. इंग्रजांच्या राज्यात गांजा हे सरकारच्या उत्पन्नाचे साधन होते. परवान्याने पीक, परवान्याने दुकान आणि वर कर. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात त्या काळी गांजाची शेती होत असे. १८९३ साली सरकारने या विषयावर आयोग नेमला. त्याने देशभर हजारावर साक्षी घेतल्या आणि १८९४ साली सात खंडांचा अहवाल दिला. बेताच्या सेवनाने फारसे बिघडत नाही, अति सेवन वाईट, पण पुरती बंदी नको, कर वाढवून आळा घालावा, असे त्याचे म्हणणे. (महसूल बुडू नये ही काळजीही त्या शहाणपणात असणारच!) पुढे १९६१ साली संयुक्त राष्ट्रसंघाचा अमली पदार्थांचा करार झाला. त्यात भारताला गांजा बंद करायला पंचवीस वर्षांची मुदत मिळाली. मुदत संपत आली तेव्हा, १४ नोव्हेंबर १९८५ पासून, देशात अमली पदार्थांचा कायदा लागू झाला. पोलिसांच्या तोंडी ज्याला 'एनडीपीएस' म्हणतात तोच हा.

या कायद्यात झाडाची बोंडे म्हणजे गांजा आणि राळ म्हणजे चरस यांना बंदी आहे. नुसता पाला त्या व्याख्येत येत नाही, म्हणून उत्तर प्रदेश-राजस्थानात भांगेची परवान्याची दुकाने आहेत. त्यावरून आपल्याकडे भांग खुली आहे असे कोणी समजू नये. महाराष्ट्रात दारूबंदीचा १९४९ चा कायदा आहे आणि त्यात भांगेलाही परवाना लागतो.

आणखी एक गैरसमज वस्तीत फार आहे. "एक किलोपर्यंत चालतं" असे पोरे छातीठोकपणे सांगतात. कायद्यात एक किलोपर्यंतच्या गांजाला 'अल्प प्रमाण' म्हटले आहे, हे खरे. पण अल्प म्हणजे माफ नव्हे. तेवढा जवळ सापडला तरी एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नुसता ओढताना सापडला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड. वीस किलोच्या वर मात्र कमीत कमी दहा वर्षे, आणि जामीन जवळजवळ अशक्य. शेतात झाड लावले तर दहा वर्षांपर्यंत. तुरीच्या नाहीतर कपाशीच्या सऱ्यांत झाडे लावल्याच्या बातम्या मराठवाड्यात दरवर्षी येतात. वाट्याने शेत करणाऱ्याने हे नीट ध्यानात घ्यावे. आपल्या ताब्यातल्या जमिनीत असे झाड माहीत असून कळवले नाही, तर तोही गुन्हा आहे.

आता हसू का आले नाही ते सांगतो.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या वस्तीतला एक मुलगा, तेव्हा वय एकोणीस. आई फटाक्यांना वाती लावायला जाते, बाप नाही. दिवाळीच्या हंगामात तोही कारखान्यावर जायचा आणि उरलेल्या दिवसांत हायवेवर मिळेल ते काम करायचा. सोलापूर-बीडचा हा रस्ता गावाला लागून जातो. ट्रकवाल्यांची ओळख, धाब्यामागची बैठक, त्यातून चिलीम. एके रात्री चौघे जण पकडले गेले. एक पुडी आणि चिलीम, एवढाच मुद्देमाल. आई रात्री आमच्या दाराशी आली. दुसऱ्या दिवशी आम्ही रजा टाकून कोर्टात गेलो. तिथे जो तो हेच सांगत होता, "गुन्हा कबूल करा, दंड भरा, आजच्या आज मोकळे व्हा." आम्हांलाही ते पटले. आम्हीच त्या मुलाला बाजूला घेऊन म्हणालो, "कबूल कर बाबा, आईची रोजी बुडते." त्याने कबूल केले. आईने कानातली कुडकं मोडली, दंड भरला, आणि संध्याकाळच्या एस.टी.ने आम्ही परत आलो. आपण फार चांगले काम केले असे त्या दिवशी आम्हांला वाटले होते.

त्यानंतर त्या मुलाने चिलमीला हात लावला नाही. पहाटे उठून हायवेच्या कडेने पळायला लागला. पोलीस भरतीत उतरला, मैदान काढले, लेखी काढली, यादीत नाव आले. मग चारित्र्य पडताळणीचा फॉर्म आला. 'आपणास कोणत्याही न्यायालयाने दोषी ठरविले आहे काय?' तेव्हा कुठे आमच्या डोक्यात उजेड पडला. दंड भरून सुटणे म्हणजे निर्दोष सुटणे नव्हे. कबुली म्हणजे शिक्षा, आणि शिक्षा म्हणजे कायमची नोंद. आम्ही बी.कॉम. झालेलो, वीस वर्षे सरकारी कागद हाताळणारे, आणि एवढी गोष्ट आम्हांला कळू नये!

त्याच कायद्यात व्यसनी माणसाने आपण होऊन सरकारमान्य केंद्रात उपचार घ्यायचे ठरवले, तर खटल्यातून सूट मिळण्याची तरतूद आहे. कोर्टही शिक्षेऐवजी उपचाराला पाठवू शकते. शिवाय १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे अनुसूचित जातीच्या माणसाला, कोणत्याही स्त्रीला आणि कोठडीतल्या प्रत्येकाला फुकट वकील मिळतो. उत्पन्नाचा दाखला मागत नाहीत. बौद्धांना १९९० पासून ही सवलत आहेच. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. त्या दिवशी तिच्या दारावरून आम्ही दोनदा गेलो, पण आत गेलो नाही.

हे एकट्या तेरखेड्यात घडते असे नाही. विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी या संस्थेने मुंबईच्या कोर्टांतले २०१७ आणि २०१८ सालचे असे दहा हजारांहून अधिक खटले तपासले. जवळजवळ सगळे खटले नुसत्या सेवनाचे होते, व्यापाराचे नव्हेत. त्यांतले बहुसंख्य गांजाचे. आणि पकडलेले कोण, तर मोलमजुरी करणारे, झोपडपट्टीत नाहीतर फुटपाथवर राहणारे. बंगल्याच्या गच्चीवर ओढणाऱ्याच्या दारात पोलीस जात नाही. नाक्यावर बसलेल्याचा खिसा मात्र रोज तपासला जातो. अमेरिकेतही हेच चित्र होते. तिथल्या एका नागरी हक्क संघटनेने २०१३ साली हिशेब मांडला. काळे आणि गोरे गांजा ओढतात जवळपास सारख्याच प्रमाणात, पण पकडले जाण्यात काळा माणूस गोऱ्याच्या पावणेचार पट. गांजा मोकळा करण्याच्या चळवळीला तिथे जोर आला त्याचे हे एक मोठे कारण. इलिनॉयसारख्या राज्यात २०२० पासून विक्री सुरू झाली, तेव्हा जुन्या किरकोळ शिक्षांच्या नोंदी पुसण्याचीही सोय केली गेली. ही बातमी वाचून आम्ही बराच वेळ नुसते बसून राहिलो.

मग मोकळा करावा काय? पोरांनी मोबाइलवर पाहिले ते अर्धेच आहे. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून दुकाने आहेत, हे खरे. जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून प्रौढाला थोडा गांजा बाळगायला आणि घरी तीन झाडे लावायला मुभा आहे, पण उघडी दुकाने नाहीत. थायलंडने जून २०२२ मध्ये बंदी उठवली, गल्लोगल्ली दुकाने झाली आणि जून २०२५ मध्ये सरकारला पुन्हा डॉक्टरच्या चिठ्ठीची अट घालावी लागली. कॅनडात गांजा घातलेल्या गोळ्या-बिस्किटे खाऊन लहान लेकरे दवाखान्यात येण्याचे प्रमाण वाढले. उलट शाळकरी पोरे एकदम बिघडतील अशी जी भीती होती, तसे सरसकट घडल्याचे दिसले नाही, हेही सांगितले पाहिजे.

आमची शंका निराळी आहे. दुकान निघाले तर ते कुणाचे? आपल्या पोराचे तर नक्की नव्हे. अमेरिकेत ज्यांनी तुरुंग भोगला त्यांना परवान्यात प्राधान्य ठेवले, तरी भांडवल नसल्याने पुष्कळ जण मागेच राहिले. आपल्याकडे कायदेशीर नशेचा अनुभव घ्यायला कॅनडाला जायला नको, देशी दारूचे दुकान आहेच. सरकारला महसूल, मालकाला माडी, आणि शनिवारी पगार झाला की आमच्या बाया दुकानासमोर नवऱ्याची वाट पाहत उभ्या. ते दुकान बंद करायचे तर 'आडवी बाटली'चे मतदान घ्यावे लागते, आणि त्यात झालेल्या मतांच्या नव्हे तर एकूण मतदारांच्या निम्म्याहून जास्त मते लागतात. ज्या बायांनी हे मतदान केले आहे त्यांना विचारा, एकदा उघडलेले दुकान बंद करायला किती चपला झिजतात. केंद्र सरकारने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत देशात दारू पिणारे सुमारे सोळा कोटी, आणि भांग-गांजा-चरस मिळून घेणारे सुमारे तीन कोटी निघाले. परवाना असलेली नशा किती आणि नसलेली किती, हे त्यावरून दिसते.

आणि आमच्या गावाची तर गोष्टच वेगळी. इथे सोरा, गंधक आणि ॲल्युमिनियमची भुकटी यांत हात घालून माणसे पोट भरतात. शेडमध्ये मोबाइल चालत नाही, लोखंडी अवजार चालत नाही, अंगावर सुती कपडा लागतो. एक घासा, एक ठिणगी, की शेड जाते. स्फोट आम्ही पाहिले आहेत, जळालेली माणसे एस.टी.ने नाही तर जीपमधून सोलापूरला नेली आहेत. गांजाने हाताचा आणि वेळेचा अंदाज चुकतो. दारूचा वास तरी येतो. गांजाचा अंश रक्ता-लघवीत कित्येक दिवस राहतो, त्यामुळे माणूस आत्ता नशेत आहे की आठवड्यापूर्वी होता, हे तपासणीत नीट कळत नाही. वाहन चालवणाऱ्यांच्या बाबतीत मोठमोठ्या देशांना हे कोडे सुटलेले नाही. सकाळी आठला शेडच्या दाराशी उभा राहणारा मुकादम ते कसे सोडवणार?

"गांजा एमडीपेक्षा बरा," असेही एक पोरगे त्या रात्री म्हणाले. २०२५ च्या फेब्रुवारीत तुळजापूरचे एमडी पावडरचे प्रकरण उघड झाले, तेव्हापासून जिल्ह्यात हा शब्द लहान पोरांनाही माहीत आहे. पावडर जास्त घातक, यात वाद नाही. म्हणून गांजा निरुपद्रवी ठरत नाही. ओढणाऱ्या दहांपैकी सुमारे एकाला त्याची गुलामी जडते, आणि वयात येताना सुरुवात केली तर धोका वाढतो. काही पोरांना भास होतात, कुणीतरी पाठीवर आहे असे वाटते. घरातले अंगारे-धुपारे करत बसतात आणि वर्ष जाते. आयांनो, पोराचे डोळे लाल, भूक अवेळी, डब्यातले पैसे कमी आणि आयटीआयची हजेरी रिकामी असे दिसले, तर आधी शिव्या देऊ नका. १४४४६ हा सरकारचा फुकट फोन आहे. पुण्याचे मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करते आहे.

पायऱ्यांवर पोरांनी आम्हांला गाठलेच. "काका, मग तुमी कुण्या बाजूचे?" आम्ही म्हणालो, दुकान नको आणि ओढणाऱ्याला कोर्टही नको. पाचवे शील आपण होऊन घ्यायचे असते, ते हवालदाराच्या दांडक्याने पाळवून घेता येत नाही. संविधानाच्या ४७ व्या कलमात राज्याने मादक पदार्थांना आळा घालावा असे म्हटले आहे, पण ते कलम लोकांच्या पोषणाविषयी आणि आरोग्याविषयी बोलते. पोराला गुन्हेगार करून त्याचे आरोग्य कसे सुधारते, ते आम्हांला अजून कोणी सांगितलेले नाही. त्या म्हाताऱ्यांना हे पटले नाही. "धाक पायजे," म्हणून ते उठून गेले.

तो मुलगा सध्या हायवेवर पंक्चरच्या दुकानात आहे. त्यालाही हा प्रश्न विचारला. टायरमधली ट्यूब ओढता ओढता तो म्हणाला, "गांजा मोकळा झाला तरी माझं जुनं पान फाडणार हायेत का ते?" फॉर्मवर 'होय' लिही, असे त्याच्या आईने त्याला सांगितले होते आणि त्याने 'होय' लिहिले. निकाल अजून आलेला नाही. तरुण वयातला किरकोळ गुन्हा उमेदवाराने खरा खरा सांगितला असेल तर नेमणूक करणाऱ्याला तो सोडून देता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली अवतार सिंग यांच्या खटल्यात म्हटले आहे. त्या निकालाची प्रत आम्ही काढून आणली आहे. येत्या मंगळवारी विधी सेवा समितीत वकिलांची भेट ठरली आहे. आईने कामावर खाडा सांगून ठेवला आहे आणि दंडाची पावती डाळीच्या डब्यातून काढून पिशवीत घातली आहे.