जलाशयांच्या कांठानें सायकलवरून

प्रवासास निघणारा मनुष्य बहुधा एकच प्रश्न विचारतो : हा रस्ता कोठें जातो? डोंगरांतून, पाण्याच्या कडेनें, निवांतपणें सायकलवरून हिंडूं इच्छिणाऱ्यानें मात्र आधीं दुसराच प्रश्न विचारला पाहिजे : कोणता रस्ता कोठेंच पोंचवीत नाहीं? जो रस्ता दोन मोठ्या शहरांना किंवा बाजारपेठांना जोडतो, त्यावर मोटारी व ट्रक असावयाचेच. जो रस्ता फिरून पुन्हा निघाल्या जागींच येतो, त्यावर दूधवाला, शाळेचीं मुलें, एस.टी.ची एखादी गाडी आणि गुरें यांपलीकडे एरव्हीं फारसें कोणी नसतें. रस्त्याची शांतता ही केवळ दैवयोगानें लाभणारी वस्तु नव्हे. तिला भूगोलांत कारणें असतात, आणि तीं समजलीं म्हणजे नकाशावर बोट ठेवून शांत रस्ता शोधतां येतो.

सह्याद्रींतील दोन जलाशय शेजारीं ठेवून पाहिले म्हणजे हें स्पष्ट होईल. पुण्याच्या पश्चिमेस मुळशीचा जलाशय आहे. त्याच्या कडेनें जाणारा रस्ता ताम्हिणी घाटानें कोंकणांत उतरतो आणि माणगांवाकडे, मुंबई-गोवा महामार्गाच्या दिशेनें जातो. देश आणि कोंकण यांना जोडणारा हा दुवा असल्यामुळें, व पावसाळ्यांतील धबधब्यांची त्यांत भर पडल्यामुळें, सुटीच्या दिवशीं येथें मोटारींची रीघ लागते. देखावा सुंदर आहे, पण सायकलस्वाराला तो मान वर करून पाहण्याची सोय नाहीं.

दुसरा जलाशय अकोले तालुक्यांतील भंडारदऱ्याचा. प्रवरा नदीवरील विल्सन धरण १९२६ सालीं पुरें झालें. त्याच्या मागें पसरलेल्या पाण्याभोंवतीं शेंडी, मुरशेत, घाटघर, साम्रद, रतनवाडी, मुतखेल अशा गांवांवरून एक रस्ता फेर धरून पुन्हा शेंडीस येतो. उत्तरेच्या अंगास कळसूबाईचें शिखर आहे. १,६४६ मीटर उंचीचें हें शिखर महाराष्ट्रांत सर्वांत उंच होय. रतनवाडीच्या माथ्यावर रतनगड उभा आहे, आणि पायथ्याशीं अमृतेश्वराचें जुनें कोरीव देवालय आहे. पश्चिमेस, घाटघर व साम्रद यांच्या पुढें, सह्याद्रीचा कडा एकदम कोंकणांत तुटतो. ज्या बाजूनें वाहतूक पुढें सरकली असती, त्याच बाजूस जमीन संपते. म्हणून कोणताहि मोठा हमरस्ता या वळशांतून गेलेला नाहीं. येथें जो येतो तो येथेंच येण्यासाठीं येतो. या रस्त्याची शांतता त्या कड्यानें राखली आहे.

फेरी कोणत्या दिशेनें करावी, हाहि विचार करण्याजोगा प्रश्न आहे. देवळांत प्रदक्षिणा घालतांना देव उजव्या हातास ठेवावयाचा, हा परिपाठ घरोघर ठाऊक आहे. सायकलस्वारानें जलाशयाची फेरी नेमकी उलट करावी. वाहनें रस्त्याच्या डाव्या बाजूनें जाण्याचा नियम ज्या देशांत आहे, तेथें पाणी डाव्या हातास राहिलें म्हणजे सायकल व पाणी यांच्यामध्यें दुसरें वाहन येत नाहीं आणि कांठावर थांबतांना रस्ता ओलांडावा लागत नाहीं. जपानांतील बिवा सरोवराभोंवतीं सुमारें २०० किलोमीटरची फेरी घालणाऱ्यांना याच कारणास्तव घड्याळाच्या कांट्याच्या उलट दिशेनें जाण्यास सांगितलें जातें. भंडारदऱ्यास हा नियम लावला तर शेंडीहून प्रथम मुरशेतकडे निघावें आणि रतनवाडीवरून परतावें.

डोंगरांतला रस्ता म्हटला कीं चढ आलाच, आणि चढ हा सायकलस्वाराचा वैरी अशी समजूत आहे. हिशेब करून पाहतां ती अर्धीच खरी ठरते. मनुष्य, सायकल व सामान मिळून ९० किलोचें ओझें ३०० मीटर वर न्यावयाचें, तर शरीराला सुमारें २५० किलोकॅलरी खर्चाव्या लागतात. स्नायु मिळालेल्या शक्तीचा जेमतेम चौथा हिस्सा कामांत उतरवितात, बाकीची उष्णता होऊन जाते, हें धरूनच हा आंकडा आहे. म्हणजे ज्वारीच्या दोन भाकरींत हा व्यवहार उरकतो. हें काम तासाभरांत केलें काय किंवा अर्ध्या तासांत केलें काय, त्याची एकूण किंमत फारशी बदलत नाहीं. परंतु अर्ध्या तासांत करूं जाणाऱ्यास दुप्पट जोर लावावा लागतो व तो धापा टाकूं लागतो. चढावर थकवा येतो तो बहुधा चढामुळें नव्हे, घाईमुळें येतो.

ही घाई टाळण्याचें साधन म्हणजे सायकलीचे गिअर. पुढच्या व मागच्या चक्रांना सारखेच दांते असले, तर पायटा एकदां फिरला कीं चाक एकदांच फिरतें आणि सायकल सुमारें २ मीटर पुढें जाते. मिनिटास साठ फेरे या संथ लयीनें तासाला सात-साडेसात किलोमीटरची गति मिळते. ही गति हिणविण्यासारखी वाटेल, पण पायीं चालणाऱ्याहून ती बरीच अधिक आहे, आणि तिनें दिवसभर चढतां येतें. फ्रान्समध्यें सेंट एतिएन येथील पॉल द व्हिवी (१८५३–१९३०) यांनीं 'व्हेलोसिओ' या टोपण नांवानें हीच गोष्ट आयुष्यभर लिहून व स्वतः डोंगर चढून लोकांना पटविण्याचा प्रयत्न केला. शर्यतीच्या जगाला ती पटण्यास वेळ लागला. 'टूर द फ्रान्स' या प्रसिद्ध शर्यतींत सांखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारे गिअर सर्वांना खुले झाले ते १९३७ सालीं. प्रवासी मनुष्याला जें आधीं कळलें, तें शर्यत खेळणाऱ्याला मागून कळलें.

उतारावर मात्र सावधपणा हवा. पावसांत चाकाची कड भिजली म्हणजे तिच्यावर दाबणारे ब्रेक उशिरां धरतात. म्हणून उताराच्या आरंभींच ते हलके दाबून कड पुसून घ्यावी आणि वळणापूर्वीं वेग आवरावा. पंक्चर काढण्याचें साहित्य, हवा भरण्याचा पंप, पाणी आणि शिदोरी हीं जवळ असावींच. कारण ज्या रस्त्यावर वाहनें थोडीं, त्यावर दुकानेंहि थोडीं. कार्तिकापासून माघापर्यंतचे दिवस या प्रवासास उत्तम. हवा कोरडी, ऊन सौम्य आणि जलाशय बहुधा भरलेला असतो.

अशा सकाळीं पाण्याकांठीं थांबलें असतां एक नवल अनुभवास येतें. पैलतीरावरील गाईच्या गळ्यांतील घांट अगदीं जवळ वाजल्यासारखी ऐकूं येते. याचें कारण असें कीं, शांत रात्रीनंतर पाण्यालगतची हवा थंड व तिच्यावरची थोडी उबदार असते. उबदार हवेंत ध्वनीचा वेग अधिक असल्यामुळें वर निघालेल्या ध्वनिलहरी वांकून पुन्हा पाण्याकडे उतरतात. विरून जावयाचा आवाज अशा रीतीनें दूरवर पोंचतो. पण जी हवा घांटेचा नाद आणते, तीच मोटारीचा भोंगाहि आणते. एका कांठावर लावलेला कर्णा सगळ्या कांठांवर वाजतो. जलाशयाची शांतता ज्याच्या त्याच्या वाट्याची वेगळी नसते. ती सर्वांची मिळून एकच असते आणि एकट्याच्या हातून मोडते. ज्येष्ठाच्या आरंभीं याच रानांत काजवे चमकूं लागतात. जोडीदार शोधण्याची त्यांची भाषाच प्रकाशाची असल्यामुळें, मोटारींच्या दिव्यांच्या झोतांत ती भाषा बुडून जाते.

येथें एका गोष्टीचा विसर पडूं नये. हीं सरोवरें निसर्गानें केलेलीं नव्हत. धरण कोणतेंहि असो, त्याच्या पाण्याखालीं कोणाची तरी जमीन गेलेली असते. मुळशीस वीज उत्पन्न करण्यासाठीं टाटा कंपनीनें धरण बांधावयास घेतलें, तेव्हां १९२१ सालीं मावळांतील शेतकऱ्यांनीं सत्याग्रह आरंभिला. सेनापति बापट त्या लढ्याचे पुढारी होते. १९२४ पर्यंत तो चालला आणि अखेर धरण झालें. कांठाच्या रस्त्यावर जी शांतता शहरांतला प्रवासी मोठ्या प्रीतीनें उपभोगतो, तिची किंमत दुसऱ्या कोणी आधींच मोजलेली आहे.

म्हणूनच रस्ता निवांत राहावा अशी इच्छा करतांना तो वाईट राहावा अशी इच्छा करणें अन्यायाचें होईल. भंडारदऱ्याच्या फेरींत महादेव कोळी व ठाकर लोकांचीं गांवें आहेत. तेथील आजाऱ्याला दवाखान्यांत लौकर पोंचावयाचें असतें, मुलांना शाळा गांठावयाची असते, धान्य बाजारांत न्यावयाचें असतें. त्यांना खड्ड्यांवांचूनचा रस्ता व वेळेवर येणारी एस.टी. हवी. यांत सायकलस्वाराच्या विरुद्ध असें कांहींच नाहीं. चांगल्या डांबरी रस्त्याचा त्यालाहि लाभच आहे. रस्ता चांगला असणें ही एक गोष्ट आणि तो दूरच्या वाहतुकीचा मार्ग होणें ही दुसरी. पहिलीनें गांवाचें भलें होतें. दुसरीनें गांव नुसतें वाटेवरचें ठिकाण होऊन बसतें. कड्यावरून उद्यां मोठा घाटरस्ता उतरला, तर निसर्गानें आजवर राखलेली शांतता माणसांना नियम करून राखावी लागेल. तें अशक्य नाहीं. बिवाच्या कांठीं मोठी वस्ती व भरपूर वाहतूक असूनहि, त्या फेरीला जपान सरकारनें २०१९ सालीं राष्ट्रीय सायकल-मार्गाचा दर्जा दिला आहे.

तोंवर सायकलस्वाराच्या हातीं आहे तें त्यानें करावें. आपला कचरा परत न्यावा, चहा-भाकरीचे पैसे गांवांतच खर्चावे, गुरांना आधीं वाट द्यावी आणि रात्रीं दिव्याचा झोत जमिनीकडे ठेवावा. कोठेंच न पोंचविणाऱ्या रस्त्यावर घाई करण्याचें कारण उरत नाहीं. आणि घाई गेली म्हणजे रस्त्यावरचीं माणसें दिसूं लागतात.